कुताशचा थांबा

झिगाला सगळ्यात जास्त किळस यायची ती त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांची. शाळेच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन चाळीस मोठी माणसं बसायची, प्रत्येकाच्या हातात कोंत्रा, आणि गाण्यात ती एक जागा आली की चाळीसच्या चाळीस जणांचे डोळे मिटायचे. कुणाची मान डुलायची, कुणाच्या नाकपुड्या फुलायच्या. हॅम्बुर्गची एक दंतवैद्य बाई तर मोठ्याने सुस्कारा सोडायची. तो सुस्कारा ऐकला की झिगाला वाटायचं, बाहेर जाऊन थुंकून यावं. यंदा आठवडाभरात तो दोनदा जाऊन थुंकून आलाही होता.

कोंत्रा हे मागे वाजणारं वाद्य. तीन तारा, सपाट घोडी. गज टेकवला की तिन्ही तारा एकदम बोलतात. पुढे व्हायोलिनवाला, म्हणजे प्रिमाश, गाणं वाजवतो आणि कोंत्रावाला त्याच्या पायाखाली जमीन टाकत जातो. लग्नात सगळे प्रिमाशकडे बघतात, कोंत्रावाल्याकडे कुत्रंही बघत नाही. कुताशच्या खालच्या गल्लीतल्या रोमा वाजंत्र्यांच्या घरांमध्ये पोर चालायला लागलं की त्याचा पंजा उघडून बघायचे. बोटं लांब असली तर व्हायोलिन, आखूड असली तर कोंत्रा. थोरल्या इग्नाचची बोटं लांब निघाली, झिगाची आखूड. तेवढ्यावर दोघा भावांचं आयुष्य ठरलं आणि त्याबद्दल झिगाची कधी तक्रारही नव्हती.

त्या काळी तीन तीन दिवस लग्नं वाजवायची आणि जेवायचं स्वयंपाकघरात, दाराआड. आता उन्हाळी कॅम्पवाले त्याच झिगाला मधल्या टेबलावर बसवायचे, मक्याची उकड आणि मेंढीचं चीज त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढायचे आणि तो घास कसा घेतो याचे फोटो काढायचे. सदुसष्टाव्या वर्षी माणसाचं घास घेणं बघण्यासारखं नसतं. पण लांबून आलेल्या लोकांना काय बघावं हे कोण सांगणार.

कॅम्पचा मुख्य शिक्षक गेलेर्त बुडापेस्टचा. वय चौतीस, दाढी, संगीताची पदवी, आणि अंगात हाताने विणलेल्या कापडाचा भरतकाम केलेला सदरा. असा सदरा कुताशमध्ये शेवटचा कुणी घातला असेल तर तो शवपेटीत झोपताना. माणूस तसा वाईट नव्हता. वडीलधाऱ्यांना बाची, नेनी, म्हणजे काका, काकू म्हणायचा, झिगाला बसायला खुर्ची द्यायचा, त्याचं वाद्य स्वतः उचलायचा. म्हणूनच झिगाला त्याचा राग धड करता येईना आणि किळस तेवढी साठत गेली.

"ऐका हं," गेलेर्त वर्गाला सांगत होता. "इथे खरं तर डावा हात पुढच्या सुरांवर सरकायला हवा. शिकलेला वाजवणारा सरकवेलच. पण कुताशचा कोंत्रावाला सरकवत नाही. खाली तेच सूर धरून तो चार ठोके तसाच उभा राहतो. वरचं गाणं पुढे निघून जातं, त्याच्यावर घासत जातं, आणि हा हलत नाही. हाच तो कुताशचा थांबा. जगात दुसरीकडे कुठेही नाही. झिगा बाची, तुम्हीच सांगा ना, या थांब्यात तुम्ही काय भरता?"

"गज भरतो," झिगा म्हणाला.

वर्ग हसला. दोघांनी ते वहीत लिहूनही घेतलं.

"बाची नेहमी थट्टा करतात," गेलेर्त कौतुकाने म्हणाला. "या मातीत जे दुःख आहे ना, ते शब्दांत नाही सांगता येत."

मातीत दुःख होतं की नव्हतं ते मातीला ठाऊक. त्या थांब्यात काय होतं ते एकट्या झिगाला ठाऊक होतं, आणि ते असं.

सत्त्याहत्तर सालचा नोव्हेंबर. परदेशी पाहुण्याला घरात ठेवायला तेव्हा बंदी होती. सरहद्दीपलीकडून, बुडापेस्टहून, एक बाई गुपचूप आली होती, पोटाशी टेपरेकॉर्डर लपवून, म्हाताऱ्या माणसांची गाणी टिपायला. भर दुपारी इग्नाचच्या स्वयंपाकघरात सगळे बसले: इग्नाच, एकोणीस वर्षांचा झिगा, खर्जाचा बास वाजवणारा चुलता आणि चुलीपाशी इग्नाचची बायको विल्मा. झिगाला मुद्दाम खिडकीसमोर बसवलं होतं. ठरलं असं होतं की रस्त्यावर पोलीस दिसला तर झिगाने गजाची काठी कोंत्र्याच्या लाकडावर दोनदा वाजवायची. टकटक. तेवढं झालं की बाई मागच्या दाराने गवताच्या गंजीत, मशीन सरपणाखाली, आणि कुणी विचारलंच तर आम्ही आपले लग्नाची तालीम करतोय.

गाणं अर्ध्यावर आलं आणि कुंपणापलीकडे टोपी दिसली. मग फाटकाची कडी काढणारा हात दिसला. झिगाने सगळं बघितलं. बघितलं आणि त्याचा डावा हात तिथल्या तिथे गोठला. उजवा हात गज ओढत राहिला, म्हणजे तोही भीतीनेच. चार ठोके गेले. टकटक काही झाली नाही. मग झिगाचा हात सुटला, त्याने पुढचे सूर धरले आणि भला माणूस असल्यासारखा वाजवत राहिला. गाणं संपता संपता दारावर लाथ बसली.

बाईने रीळ ओढून विल्माकडे फेकलं, विल्माने ते मक्याच्या पिठाच्या पोत्यात खुपसलं. मशीन जप्त झालं, बाईला दुसऱ्या दिवशी सरहद्दीपार घालवलं. इग्नाचला चौकीत नेलं आणि दोन दिवस ठेवलं. तिथे कुणीतरी त्याचा डावा हात टेबलाच्या खणात घालून खण लावून घेतला. अनामिका आणि करंगळी पुन्हा कधी वाकल्या नाहीत. कुताशचा प्रिमाश त्यानंतर गावाची गुरं चारायचा.

चौकीतून सुटून आला तेव्हा इग्नाचने एकच विचारलं, "इशारा का नाही दिलास रे?"

"दिला ना," झिगा म्हणाला. "दोनदा वाजवलं. तू वाजवण्यात गुंग होतास."

इग्नाचने ते खरं मानलं. एक्क्याण्णवला मरेपर्यंत तो लोकांना सांगायचा, माझ्याच गाण्याने माझे कान भरले होते, धाकट्याने बिचाऱ्याने टकटक केली पण मला ऐकू आली नाही, चूक माझीच. हे तो झिगाच्या देखत सांगायचा, कधी कधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून. हात ठेवायचा तो डावा.

मग शहाण्णव साली त्या पिठातल्या रिळाची बुडापेस्टमध्ये सीडी निघाली. चोराच्या मनात चांदणं; झिगाने ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. टकटक त्यात नव्हती, आणि कुठून असणार? आता सगळ्या जगाला कळणार म्हणून तो महिनाभर घरात तोंड लपवून बसला. पण कुणीही टकटक शोधली नाही. सगळ्यांना दिसला तो थांबा. शहाण्या माणसांनी त्यावर लेख लिहिले. दोन वर्षांनी गावात कॅम्प सुरू झाला आणि थांबा शिकवायला खुद्द थांबेवाल्याला बोलावलं. पहिल्या वर्षी झिगाला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वर्षी त्याने त्यांना हवा तसा थांबा वाजवून दाखवला. अशी सत्तावीस वर्षं त्याने आपलं भित्रेपण लोकांना शिकवलं, बोट धरून, एकेकाची कोपरं सरळ करून. किळस लोकांची यायची हे खरं. पण रात्रीचं जेवण त्याच्या घशाखाली उतरायचं नाही ते काही दंतवैद्य बाईमुळे नव्हे.

यंदा कळस झाला. शनिवारी दुपारी शाळेच्या अंगणात समारोप, इग्नाचच्या स्मरणार्थ. चाळीस कोंत्रे एकदम तेच गाणं वाजवणार आणि पुढच्या रांगेत मानाच्या खुर्चीवर विल्मा बसणार. विल्मा कॅम्पकडे कधी फिरकली नव्हती. तिच्याकडे सीडी वाजवायला काही नाही अशी झिगाने स्वतःची समजूत घातली होती आणि आजवर ती पुरली होती. पण विल्मा वाजवणाऱ्याची बायको. चाळीस जणांनी एकदम थांबा घेतला की ती विचारणार, हे काय? ही चूक कुणाची? आणि त्या जागी टकटक कुठे आहे?

म्हणून शुक्रवारी वर्ग सुटल्यावर झिगाने गेलेर्तला थांबवलं आणि दार लावून घेतलं. बाकावर बसून त्याने सगळं सांगितलं. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. टोपी, कडी, हात, टकटक, खण. सांगताना त्याला वाटलं होतं तेवढा वेळही लागला नाही.

गेलेर्तचे डोळे भरून आले.

"बाची," तो म्हणाला, "हे परत एकदा सांगाल? सुरुवातीपासून? मी फोनवर रेकॉर्डिंग लावलं नव्हतं."

झिगाने त्याच्याकडे बघितलं. पोरगा खरोखर रडत होता आणि खरोखर खिसा चाचपत होता.

"परत नाही सांगणार. तो थांबा काढून टाक एवढंच सांगतोय. उद्या सरळ वाजवा. चूक आहे ती."

"चूक कसली, बाची? आता तर ती आणखी खरी झाली."

"वहिनी समोर बसणार आहे रे."

"कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यात. कॅम्पच्या टी-शर्टांवरसुद्धा 'थांबा' छापलाय. आणि चाळीस जणांच्या हातात बसलंय ते, एका रात्रीत नाही निघणार." गेलेर्तने त्याचा हात हातात घेतला. "पण विल्मा नेनींना यातलं काही कळणार नाही. माझा शब्द."

पालथ्या घड्यावर पाणी. वर त्या घड्याने हातही धरला होता. झिगाने हात सोडवून घेतला आणि घरी जाऊन तो साबणाने धुतला.

शनिवारी सकाळच्या तालमीत गेलेर्त वर्गापुढे उभा राहिला. आवाज खोल गेला होता. "आज चार नाही, आठ ठोके थांबायचं. का ते विचारू नका. नुसतं थांबा."

दुपारी अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. विल्मा काळा रुमाल बांधून, काठी मांडीवर आडवी ठेवून पुढे बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, पण पाठ ताठ. गेलेर्तने व्हायोलिन लावलं आणि गाणं सुरू झालं. वाजवायचा तो चांगला, झिगाला हे नाकारता येईना. ती जागा आली. चाळीस डावे हात थांबले, चाळीस जणांचे डोळे मिटले. आठ ठोके. झिगा मधोमध बसला होता. त्याने हात सरकवला. जसा सत्त्याहत्तर साली सरकायला हवा होता तसा, वेळेवर, एकट्याने. त्या गदारोळात एका कोंत्र्याचं कोण ऐकतंय. शेजारच्या बाईने डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघितलं आणि म्हाताऱ्याच्या चुकीबद्दल मायेने हसली.

टाळ्या झाल्या, गळाभेटी झाल्या, आलुबुखाराच्या दारूचे पेले फिरले. झिगा वाद्य काखेत घेऊन विल्माजवळ गेला. ती जागची हलली नव्हती.

"आज हात हलवलास," ती म्हणाली.

"ऐकू आलं तुला?"

"बहिरी नाही झाले अजून." तिने काठी जमिनीवर टेकवली. "तो तुमचा दाढीवाला आला होता सकाळी. फोन घेऊन. म्हणाला, नेनी, तुमची बाजू पण हवी. मी म्हटलं, कसली बाजू? मग त्याने सगळं सांगितलं. माझ्याच ओट्यावर बसून रडला. मलाच उठून पाणी द्यावं लागलं त्याला."

झिगाने विचारलं, "तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, पाणी पी आणि जा."

"वहिनी, मी..."

"सीडी आहे माझ्याकडे. पोरीने मशीनही पाठवलं होतं कोलोझवारहून, निघाली त्याच वर्षी. माझं घर आहे ते, झिगा. त्यात माझी कोंबडी ऐकू येते. मी चुलीत लाकूड सारते ते ऐकू येतं. बासवाला खोकतो. टकटक नाही ऐकू येत. पहिल्या दिवशी सात वेळा लावली मी."

"तेव्हापासून माहीत आहे तुला?"

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"मी का बोलू?" विल्मा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "टकटक तू करायची होतीस." ती काठीवर भार देऊन उठली. झिगाने कोपराला धरायला हात पुढे केला, पण तिने तो घेतला नाही. "एकोणतीस वर्षं वाट बघितली. तू घरी आलास की वाटायचं, आज सांगेल. त्याच्या कबरीवर मेणबत्ती लावताना शेजारी उभा असायचास, वाटायचं, आता सांगेल. सांगितलंस तेही बरं केलंस. पण सांगितलंस कुणाला?"

ती फाटकाकडे निघाली. अंगणात कुणीतरी पुन्हा वाजवायला लागलं होतं. तिला हाक मारावी असं झिगाला वाटलं. काय म्हणायचं तेही त्याला ठाऊक होतं. ती फाटकाची कडी काढून, रस्ता ओलांडून, खालच्या गल्लीत वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता.