शाळेचा वाटा

मोठ्या बाईंना कुलपाचं वेड होतं. शाळेच्या मालकीची वस्तू कुलपात गेलीच पाहिजे, मग तो खडू असो की खिचडीचा झारा. सातपाटीपलीकडच्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत त्या साताऱ्याकडून मुख्याध्यापिका म्हणून आल्या. मी हाताखालची धाकटी बाई, याच गावची. बाई शुद्ध शाकाहारी, त्यामुळे कोळीवाड्याला त्यांची फार काळजी. "बाय जगते कशावर?" माझी आई रोज विचारायची.

"अनुदान आणि रुसलेला जावई, दारात दिसेपर्यंत खरं मानू नये," असं म्हणत त्या पदरमोड करून खडू आणायच्या. पण एका जूनमध्ये बोईसरच्या खासगी शाळेची पिवळी बस गावात शिरली आणि त्यांचं हसू मावळलं. पट आणखी घसरला तर आमची शाळा बंद होणार होती. आम्ही दोघी घरोघर फिरलो. माझी हिराआत्या मासळी विकायची. नातीला बसमध्ये घालण्यासाठी ती कानातलं मोडायला निघाली होती.

"फी नाय ती शाला कसली?" ती म्हणाली. "फुकटचा माल मी पन नाय घेत."

मला राग आला, बाईंना नाही. परतताना म्हणाल्या, "खरंच बोलली. ज्यात आपलं काही गेलं नाही, ते आपलं वाटत नाही."

आमच्याकडे होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा, जाळ्याचा, होडी हाकणाऱ्या तांडेलाचा, खलाशांचा. बाई गावच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या फेरीत शाळेचाही वाटा मागितला. तो विकून गळकं छप्पर दुरुस्त करायचं होतं. तांडेल हसले, पण कबूल झाले.

होड्या लागल्या त्या शनिवारी दुपारी. मी नेमकी पालघरला प्रशिक्षणाला गेले होते. बाईंनी नाकाला पदर लावून टोपल्या ताब्यात घेतल्या, शाळेची मालमत्ता म्हणून वर्गातल्या कपाटात ठेवल्या आणि कुलूप घातलं. लिलाव सोमवारी, शाळेच्या वेळेत.

सोमवारी सगळ्यात आधी मांजरं हजर झाली. मागोमाग गाव.

"बाय, बोंबील काय दागिना हाय, कुलपात ठेवायला?" हिराआत्याने विचारलं.

"मला वाटलं, टिकतील," बाई पुटपुटल्या. त्यांचे डोळे भरले होते.

आत्याने लुगडं खोचलं आणि बायकांना हाका मारल्या. दुपारपर्यंत शाळा धुणं चाललं. कित्येकींनी वर्ग आतून पहिल्यांदाच पाहिला, छपराखाली मांडलेल्या बादल्याही पाहिल्या. आत्याच्या नातीने फळ्यावरचा धडा घडाघडा वाचून दाखवला. आत्या तेवढा वेळ एकच बाक पुसत राहिली.

"कौलं कदी बदलनार?" तिने विचारलं.

"वाटा तर नासला," बाई म्हणाल्या.

"नासला तर दुसरा काढू. शालेचा हाय तो, तुमचा नाय."

दुसरा वाटा बायकांनीच विकला आणि कौलं बदलली. काही मुलं बसने गेलीच. पण आत्याची नात राहिली, तिच्यामागून आळीतली बाकीची राहिली आणि शाळा वाचली. आत्याचं कानातलंही कानातच राहिलं.

बाई निवृत्त होऊन साताऱ्याला गेल्या. जाताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला, त्यातून त्या कपाटाची किल्ली मात्र काढून घेतली. आता गावात मला मोठ्या बाई म्हणतात आणि ती हाक ऐकली की मी अजून मागे वळून त्यांना शोधते. फार आठवण येते.

नारळी पौर्णिमेनंतर पहिली होडी लागते. तांडेल ओरडतो, "शालेचा वाटा न्या." मी बाईंना फोन लावून ती हाक ऐकवते. त्या दर वर्षी एवढंच विचारतात, "आजच विकणार ना गं?"