ट्रॅक नंबर चार आणि आमचा पंप

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नव्हता. ऐकला तेव्हा सगळ्यांना तो पाण्याच्या पंपाचा वाटला.

झालं असं, की आयटीतल्या पहिल्या पगारातून मी बुधवार पेठेतून एक सबवूफर, म्हणजे खर्ज घुमवणारा स्पीकर, आणला. ऑफिसातल्या मैत्रिणीने डबस्टेपचा एक अल्बम पेनड्राइव्हवर दिला होता. त्यात शब्द जवळजवळ नव्हतेच, नुसता पोटात घुमणारा खर्ज. बोलायची वेळ येऊ नये म्हणून लिफ्ट टाळणाऱ्या मुलीला आणखी काय हवं! शनिवारी दुपारी दार लावून मी तो ऐकायचे. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आवाज अगदी बारीक. (बेसचं बटण मात्र शेवटपर्यंत पिळलेलं. बेस म्हणजेही आवाजच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.) वूफर पलंगाखाली, थेट फरशीवर.

आणि फरशीखाली लेले काकू.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी बेल वाजवली. मी शहाण्या मुलीसारखं गाणं बंद करून दार उघडलं.

"तुला ऐकू येतंय का गं? घूं घूं?"

आम्ही दोघींनी भिंतीला कान लावले. शांतता!

"नाही, काकू."

"अगं, आत्ता होतं! शोकेसमधल्या कपबश्या नाचत होत्या!"

त्या गेल्या, मी गाणं लावलं. पाच मिनिटांत पुन्हा बेल. पुन्हा गाणं बंद, पुन्हा कान भिंतीला. मला काकूंची फार काळजी वाटायला लागली.

बाबा तेव्हा नुकतेच सोसायटीचे सेक्रेटरी झाले होते, तेही "पाण्याची तक्रार येणार नाही" एवढ्या एका आश्वासनावर. घूं घूं पंपाचंच, असं सगळ्यांनी ठरवल्यावर त्यांनी फलक लावला : 'पंप आवाज करतो हे सेक्रेटरींना समजले आहे. पुन्हा समजावू नये.' मग पंपवाल्याला बोलावलं.

"साहेब, पंप ठणठणीत आहे."

"आज बुधवार आहे. तो शनिवारी आवाज करतो."

"शनिवारी माझी सुट्टी असते."

"वा! तुम्ही दोघं ठरवून करता का?"

शेवटी पंप उतरवून चार दिवस दुरुस्तीला न्यायचं ठरलं. म्हणजे चार दिवस पाणी नाही, आणि पाचव्या दिवशी बाबा सेक्रेटरी नाहीत! आदल्या संध्याकाळी जेवताना ते आईला आवाज समजावत होते.

"आधी घूं घूं... मग एकदम गप्प." त्यांनी ताटावर बोटं वाजवून दाखवलं. "वाटतं, बंद पडला. आणि मग असा उसळतो, घर्रर्र!"

माझा घास हातातच राहिला. बाबा ट्रॅक नंबर चार वाजवत होते. अगदी तालात!

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी सांगितलं सकाळी, पार्किंगमध्ये, अर्ध्या सोसायटीसमोर, पंपवाल्याने पाना लावल्यावर.

"बाबा, पंप नाही. मी."

"तू काय?"

"मी... घूं."

खात्री करायला कमिटीचे पाच जण आणि लेले काकू आमच्या घरी आले. आईने चहा केला. सगळ्यांनी गंभीरपणे ट्रॅक चार ऐकला.

"गाणं सुरू कधी होणार?" खजिनदार काकांनी विचारलं.

"काका, ते... संपलं."

लेले काकूंनी फरशीला हात लावला. "हाच तो!"

"पंपाला निदान दुरुस्त करणारा असतो," बाबा म्हणाले.

पंप वाचला, बाबांचं पद वाचलं, मी हेडफोन घेतले.

दोन महिन्यांनी घूं घूं पुन्हा सुरू झालं. आता कारण सगळ्यांना पाठ होतं. मी ऑफिसात असतानाही आवाज येतो, म्हणजे मी चालू ठेवून जाते, हेही परस्पर ठरलं. काकू जिन्यात भेटल्या.

"आवाज कमी कर गं जरा."

हेडफोन माझ्या गळ्यातच होते. 'मी नाही' एवढंच म्हणायचं होतं.

"सॉरी, काकू," मी म्हणाले.

चार दिवस मी प्रत्येक मजल्यावर सॉरी म्हणत फिरले. पाचव्या दिवशी आवाज थांबला.

"शहाणी गं माझी!" काकू म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी नळ सोडला. पाणी नव्हतं. पंप जळला होता. पण त्याबद्दलची माफी मी आधीच मागून ठेवली होती!