सरदारांच्या अंगलटीचा

लष्कर नावाच्या पेठेत, बाड्याच्या चौकातल्या आमच्या कपड्यांच्या दुकानात तो दर थंडीत दिसायचा. अंगलट हुबेहूब सरदारांसारखी, म्हणून त्यांचा कारभारी कोट निवडायला याला घेऊन यायचा. सरदार स्वतः कशाला दुकानाची पायरी चढतील? हा हात पसरून उभा राहायचा, आणि फाटक्या सुती सदऱ्यावर एकेक लोकरी कोट चढायचा, उतरायचा.

एकदा जाड कोट अंगावर असताना तो हळूच म्हणाला, "जरा राहू द्या साहेब. ऊब आहे की नाही, कळायला वेळ लागतो."

कारभारी खेकसला, "काढ. घामाचा वास लागेल."

बाहेर पौषातलं धुकं होतं. तोच कोट अंगाला लागू न देता, दोन्ही हातांवर पुढे धरून तो कुडकुडत निघाला.

अजून डोकं फिरतं माझं. घाम यायचा कुठून?