ओढ्यातला हात

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये काम करते, पुरावा बघितल्याशिवाय कशालाच हो म्हणत नाही. तरी हे लिहितेय, कारण... असो, कळेलच.

गेल्या वर्षी कंपनीने मला सहा महिने ग्वामला पाठवलं. पॅसिफिकमधलं चिमुकलं बेट, पण अमेरिकेचंच. उत्तरेला सपाटी आणि लष्करी तळ, दक्षिणेला लाल मातीचे डोंगर, धबधबे, नारळ. मालवणहून बाबा राहायला आले आणि म्हणाले, "अगो, ह्यो तर आपलोच गाव!"

एका रविवारी ऑफिसची मंडळी धबधब्यावर निघाली. वाट दाखवायला एका सहकाऱ्याची आई, आन्टी रोझा. त्या चामोरो, म्हणजे बेटावरच्या मूळच्या. जंगलाच्या तोंडाशी मोठा वड होता. तिथे थांबून त्यांनी पूर्वजांची परवानगी मागितली, इथली रीतच आहे ती. सगळे कौतुकाने बघत होते. मीही.

मग बाबांनी चपला काढल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात आपलं कोकणातलं, देवाला घालायचं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही पोरां तुझ्या रानात येतत, त्यांका सांभाळ..." आणि माझ्याकडे बघून थांबले. मी "व्हय म्हाराजा" म्हणायचं होतं. गाऱ्हाण्याच्या दर ओळीला अशी साथ देणं, लहानपणी ते माझंच काम! पण शेजारी मॅनेजर उभा. मी पुटपुटले, "बाबा, प्लीज... लोक बघतायत."

आन्टींचं ते कल्चर, आणि माझ्या बापाचं म्हणजे तमाशा! शी. लिहितानाही लाज वाटतेय.

बाबांनी गाऱ्हाणं तिथेच सोडून जोडलेले हात खाली घेतले. आम्ही निघालो. पायवाट एकच, दोन्हीकडे उंच गवत. बाबा माझ्यापुढे चालत होते – पांढरा शर्ट, तीच चाल. ओढ्यात माझा पाय घसरला तेव्हा त्यांनी मागे हात करून मला घट्ट धरलं. पुढच्या वळणावर मात्र... बाबा नाहीत! हाका मारमारून घसा बसला. शोधत शोधत वडापर्यंत परत आलो, तिथेही कुणी नाही.

आन्टींनी विचारलं, "त्यांचं परवानगी मागून झालं होतं ना?"

"नाही... मीच मध्ये थांबवलं."

"मग तू पूर्ण कर."

सगळ्यांसमोर, रडत, मी ओरडले, "व्हय म्हाराजा!"

बुंध्यामागून बाबा उठून आले. "काय झाला गो? मी हयच बसललंय. गाऱ्हाणा अर्धा ऱ्हवला, मगे आत इलंयच नाय." आमची एकही हाक त्यांना ऐकू आली नव्हती. त्यांच्या चपला कोरड्या होत्या, आम्ही सगळे गुडघ्यापर्यंत चिखलात.

मग ओढ्यात मला कुणी धरलं? खरंच माहीत नाही. भास म्हणा, काय वाट्टेल ते म्हणा.

परतताना गाडीत बाबांनी सहज विचारलं, "मी मागे ऱ्हवलंय, ता तुका कधी समजला?"