पाणपोईवरचा तांब्या

हे मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. भीती अजून गेलेली नाही.

मी मिशनचा प्रचारक. पहिल्या महायुद्धाच्या दिवसांत धुळ्याकडचे आठवडे बाजार माझ्याकडे होते. डफ वाजवून चार माणसं जमवायची आणि देवाच्या दयेबद्दल बोलायचं. बोलायचोही झकास! येशूच्या दारातून कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही — एवढं म्हटलं की बायाबापड्या डोळ्यांना पदर लावायच्या. मीही मनातून फुगायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान... पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

बाजार वेगळा आणि वाटेवरची गावं वेगळी. तिथे उन्हाळ्यात पाणपोई असायची. पाणी देणारा आधी जात विचारायचा. वरच्या जातीच्या माणसाच्या हाती तांब्या मिळे. आमच्यासारख्यांनी लांब बसून ओंजळ धरायची, मग वरून धार. माझा बाप महारवाड्यातून ख्रिस्ती झालेला. बाप्तिस्मा घेतला म्हणून गावाच्या लेखी ओंजळ सुटत नव्हती.

एका वैशाखात असाच एका गावी पोचलो. पाणपोईपाशी लिंबाखाली गावची माणसं बसलेली. जात विचारली — आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘पाटील.’ तहान लागली होती म्हणू? छे! तहान ओंजळीनेही भागते. मला तो तांब्या हवा होता.

तांब्या तोंडाला लावतोय तोच एक बाई आली. कडेवर तापाने मलूल झालेली पोर. मला पाहून थबकली. ‘भाऊ, बजारमा येसूनं सांगस तो तूच ना? मनी पोरकरता प्रार्थना कर ना, भाऊ!’

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. हातात त्यांचा तांब्या, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका. माझी पाचावर धारण बसली. पिशवी हळूच मांडीखाली सरकवली आणि म्हणालो — ‘बाई, तुझी काहीतरी चूक होतेय.’

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे. काही न बोलता वळली. पोरीचा हात तिच्या पाठीवर लोंबत होता. मी उरलेलं पाणी प्यालो.

हो, प्यालो.

हीच ती कबुली, असं वाटलं तुम्हाला? नाही हो. अजून आहे.

पुढे माझी बदली जळगावला झाली. काही वर्षांनी आमच्या चर्चच्या मंडळीत एक विधवा येऊ लागली, बाप्तिस्माही घेतला. सखूअक्का. पाहताक्षणी मी ओळखलं — पाणपोईवरची तीच बाई. तिनं मला ओळखलं असेल का? दर रविवारी बोलायला उभा राहिलो की तिच्याकडे बघायचं टाळायचो. ती मात्र पुढे बसून शांतपणे ऐकायची.

शेवटच्या दुखण्यात तिनं मला बोलावून घेतलं. ‘नाना, पानपोईवर तूच व्हता ना?’ तिनं तेव्हाच ओळखलं होतं. आणखी एक शब्द बोलले तर ही माणसं याला जिवंत सोडायची नाहीत, हे तिला कळलं, म्हणून मुकाट निघून गेली. पोर त्याच संध्याकाळी गेली. हे सगळं तिनं अगदी हळू सांगितलं. आवाजात राग नव्हता.

खोलीत आम्ही दोघंच. ना गाव, ना काठी. कोण मारणार होतं मला? कशाला भ्यायचं होतं? तरी मी म्हणालो — ‘नाही अक्का, मी नव्हतो.’

‘बरं, नाना,’ ती म्हणाली आणि माझ्या हातावर थोपटलं. मग तिनं पाणी मागितलं. मी तांब्या तिच्या ओठांशी धरला, पण निम्मं पाणी उशीवरच सांडलं.

तिच्या कबरीशी मीच बोललो. दारातून कुणी रिकाम्या हाताने परत जात नाही, हेच. बायांनी डोळ्यांना पदर लावला.

देवाची दया कधी आटत नाही, हे जन्मभर सांगत आलो. मला त्या दयेचीच भीती वाटते. त्या दारात सखूअक्का उभी असेल. मला ओळखेल. आणि काही बोलणार नाही.