बल्ब शांत झाला पाहिजे

सोल्डरिंग शिकायला बसलं की टेबलावर कथलाचे बारीक मणी साठत जातात. ते संध्याकाळी ब्रशने झाडता येतात. किस्से मात्र झाडून जात नाहीत, चिकटून बसतात! सातिवलीच्या गाळ्यातले आमचे रविवार असेच डोक्यात चिकटलेत.

ड्रोनदुरुस्ती शिकवायला ग्लेन सर. आम्ही तिघं विद्यार्थी. मी नवऱ्याबरोबर लग्नाचं शूटिंग करते. ड्रोनची एक वायर तुटली की रिपेअरवाल्याचे नखरे सोसायचे, हे मला जमत नाही, म्हणून आले. राजोडीच्या काशिनाथकाकांना आपल्या बीचवरच्या रूम गिऱ्हाइकांना आकाशातून दाखवायच्या होत्या. आणि भुईगावच्या रेजिना आंटी, रिटायर्ड शिक्षिका.

आंटींचं दुखणं वेगळं होतं. बंगलोरला असलेल्या मुलाने, जोएलने, वाडी बघायला म्हणून ड्रोन पाठवला. आंटींनी तो पहिल्याच आठवड्यात माडावर आपटला. जोएल फोनवर म्हणाला, "मम्मी, टाकून दे. नाताळला येताना नवीन आणतो."

हे "टाकून दे" आंटींना फार लागलं. "मोडलं की टाकायचं? मग माझे गुडघे गेलेत, मलाही टाक म्हणावं!" नाताळला तो यायच्या आत तोच ड्रोन दुरुस्त करायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

*

पहिल्या रविवारच्या आधी सरांनी ग्रुपवर मेसेज टाकला, "सगळ्यांनी आपापलं आयर्न आणावं."

मी सोल्डरिंग आयर्न आणलं, आंटींनीही आणलं. काशिनाथकाकांनी पिशवीतून कपड्यांची इस्त्री काढली! वर विचारतात कसे, "वाफेची आनायची होती काय?"

सर हसले नाहीत. त्यांनी शर्टाची कॉलर पुढे केली. "आणलीच आहे तर एवढी कडक करून द्या."

*

काकांना एक खोड. सोल्डर मारलं की लगेच फुंकर! सर कळवळून सांगायचे, "काका, फुंकर नको, सांधा कच्चा राहतो. आपला आपण थंड होऊ द्या."

तिसऱ्यांदा काका चिडले. "गरम हाय त्याला फुंकर नाय मारायची, तं काय पानी वतायचं?"

सरांनी गुपचूप पाण्याची बाटली उचलून कपाटात ठेवली.

*

सोल्डरमध्ये राळ असते, तिचा धूर निघतो. पहिल्यांदा तो वास आला तसा आंटींचा हात आपोआप कपाळाकडे गेला. "अगदी चर्चमधल्या धुपासारखा!" त्यांनी क्रूसाची खूण केली आणि दुसऱ्या हातातली वायर सुटली.

"आंटी," सर म्हणाले, "मिस्सा सकाळी झाली ना? आता वायर धरा."

*

सरांचा एक कडक नियम होता. नवीन जोडणीला थेट बॅटरी लावायची नाही. आधी मध्ये एक बल्ब जोडायचा. कुठे शॉर्ट असेल तर तो पेटून राहतो. सगळं ठीक असेल तर नुसता लुकलुकतो आणि विझतो.

आंटींनी पहिल्यांदा जोडणी केली, बल्ब लख्ख पेटला. आंटी टाळ्या पिटायला लागल्या. "लागला! लागला!"

"नापास," सर म्हणाले. "विझला पाहिजे."

आता मला हे कसं सहन व्हावं? मी तडकलेच. "सर, दिव्याला विझला म्हणत नाहीत! शांत झाला म्हणायचं."

सरांनी हात जोडले. "बरं बाई, शांत झाला पाहिजे."

तेव्हापासून वर्गात तोच शब्द. काका तर बॅटरी लावताना डोळे मिटून पुटपुटायचे, "देवा, शांत कर रे, लवकर शांत कर." एकदा शेजारच्या गाळ्यातला माणूस हळूच विचारून गेला, "घरात कुणी सिरियस आहे का?"

*

नाताळच्या दुसऱ्या दिवशी आंटींनी आम्हाला वाडीत बोलावलं. अंगणात टेबल, टेबलावर केक, केकशेजारी तो जुना ड्रोन. जोएलच्या काखेत नव्या ड्रोनचं खोकं.

आंटींनी मध्ये बल्ब जोडला आणि बॅटरी जोएललाच लावायला सांगितली. त्याने लावली.

बल्ब लुकलुकला. लगेच मालवला.

"गेला!" जोएल म्हणाला. "मम्मी, तरी मी सांगत होतो. टाकून दे आता."

"शांत झाला!" आम्ही तिघं आणि सर एकदम ओरडलो. काकांनी टोपी उडवली, ती केकवर पडली. मला रडूच फुटलं. जोएल खोकं धरून आमच्याकडे बघतच राहिला.

आंटींनी डोळे पुसले, बल्ब काढला, बॅटरी लावली आणि रिमोट हातात घेतला.

"खोकं खाली ठेव बाळा," त्या म्हणाल्या, "आणि जरा मागे हो. पंखा लागेल."