कुठली वाडी

मी दाराबाहेर चपला घालत होतो आणि आत काकू, मी बसलो होतो त्या खुर्चीवर पाणी शिंपडत होत्या. दार उघडंच होतं. ते लोटून घ्यावं असंही कुणाला वाटलं नाही.

माझ्या हातात त्यांचंच पार्सल होतं. टीपॉयवर ठेवलेलं पार्सल त्यांनी मलाच परत उचलायला लावलं होतं. घरात तीन मोठी माणसं. त्याला हात लावायला एकही पुढे येईना. काका म्हणाले, "तुम्हीच घ्या. आता तुम्हीच न्या."

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मीरा रोडच्या एका लहानशा कुरिअर कंपनीत मी लांबच्या लाइनवर होतो. किमती वस्तू थैल्यांत न टाकता माणसाबरोबर पाठवायची आमची सोय होती. तो माणूस मी. कोर्टाचे मूळ कागद, दागिने, एक्स-रे, एकदा तर कुणाचे नवे दात. संध्याकाळी एसटीत बसायचं, पट्टा मनगटाला गुंडाळायचा आणि बसल्या बसल्या जेवढी लागेल तेवढी झोप घ्यायची. पाणी बेतानं प्यायचं, कारण लघवीला उतरलं तरी पार्सल सोबत न्यावं लागतं. कितीतरी गावं मी पाहिली, पण स्टँडापुरती. मुलं मोठी झाली ती बायकोच्या सांगण्यातून.

तरी काम आवडायचं. वाट बघणारा माणूस दार उघडतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद असतो. तो पार्सलचा असतो हे मला कळत होतं. पण दारात मी उभा, म्हणून पहिल्यांदा माझ्याच अंगावर पडायचा. पगाराशिवाय मिळणारी तेवढीच एक गोष्ट होती. तीही मी धरून चालायचो.

त्या दिवशी पार्सलमध्ये देवाचे टाक होते. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले घरचे देव. मीरा रोडच्याच बेव्हर्ली पार्कात नवा फ्लॅट घेतलेलं हे कुटुंब मूळचं चिपळूणकडचं. टाक काळे पडले म्हणून गावाकडच्या सोनाराकडे उजळायला दिलेले. दोन दिवसांनी नव्या घरात पूजा होती. सोनारानं माझ्यासमोर डबा बांधला, लाखेनं बंद केला, काट्यावर ठेवला. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. मी पावतीवर आकडा बघून सही केली.

सकाळी काशीमिऱ्याला उतरलो आणि तसाच, तोंडही न धुता, त्यांच्या दारात गेलो.

"या या, आत या," काका म्हणाले. "रात्रभर प्रवास ना? बसा जरा. अगं, चहा टाक."

त्यांची म्हातारी आई पलंगावर बसली होती. मी पार्सल टीपॉयवर ठेवलं आणि आपणहून सांगितलं, "बॅगेत नाही टाकलं काका. देवाची वस्तू. रात्रभर मांडीवर घेऊन बसलो."

मला वाटलं, बरं वाटेल त्यांना. वाटलंही. आजी म्हणाल्या, "भलं होवो तुझं, बाबा."

काका हसून म्हणाले, "बोलण्यावरनं आमच्याच साइडचे वाटता. गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"अरे, मग गाववालेच की! आत्याचं सासर आमच्या तिथलं. कुठली वाडी?"

कोकणातल्या माणसाला हा प्रश्न समजावून द्यावा लागत नाही. वाड्या जातीवार वसलेल्या. आडनावावरून एखादा चुकेल, वाडीवरून चुकत नाही. वाडी विचारली की सगळं विचारून झालं.

मी म्हणालो, "बौद्धवाडी."

आतला कपबशीचा आवाज थांबला.

काकांनी शांतपणे विचारलं, "मांडीवर घेतलं म्हणालात ना?"

"हो."

"अख्खा रस्ता?"

"हो."

आजी सुनेकडे बघत म्हणाल्या, "परवा पूजा. आता हे सगळं परत शुद्ध करायचं म्हणजे किती काम."

कुणी शिवी दिली नाही. आवाजही चढवला नाही. काकांनी आमच्या ऑफिसला फोन लावला. "दुसरा माणूस पाठवा. नाही हो, तक्रार काही नाही. आमच्यात चालत नाही एवढंच." मी समोरच बसलो होतो. मग मला उठायला सांगितलं. चहा बाहेर आलाच नाही.

मीरा रोडला येऊन मला बरीच वर्षं झाली होती. गुजराती घरांनी पाणी दिलं होतं, मुसलमान घरांनी सरबत दिलं होतं. कुणी वाडी विचारली नाही, कारण कुणाला वाडी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं, खाडी ओलांडून ती गोष्ट इथवर येत नाही. आली ती माझ्याच तालुक्याच्या माणसाकडून आली. माझ्याच बोलीत.

ऑफिसात मॅनेजरनं नियमाप्रमाणे पार्सल काट्यावर ठेवलं. एक किलो दोनशे चाळीस. माझ्या मांडीवरून जाऊन येऊन वजनात काही फरक पडला नव्हता.

मॅनेजर वयानं लहान, मला मामा म्हणायचा. "काय मामा तुम्ही पण. दुसरी वाडी बोलायची ना. कोण चेक करायला जाणारे चिपळूणला?"

तेच पार्सल त्यानं दुसऱ्या माणसाकडे दिलं. दुपारी तो पावतीवर सही घेऊन परत आला. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. म्हणाला, "चांगली माणसं आहेत. चहा मस्त पाजला."

पार्सल पहिल्या खेपेला परत आलं की नेणाऱ्याला चिठ्ठीवर कारण लिहावं लागतं. मॅनेजर म्हणाला, "'दार बंद' लिहा. विषय संपला. उद्या सकाळपर्यंत सही पायजे. वेगळं काही लिहिलंत तर लांबच्या लाइनवर नाही ठेवता येणार. क्लायंट बोलतात मग." लांबच्या लाइनच्या भत्त्यावर आमचं घरभाडं निघायचं. हे त्याला माहीत होतं.

कोरी चिठ्ठी खिशात घालून काशीगावात घरी आलो. वडील दारात बसले होते. त्यांना सगळं सांगितलं.

ते म्हणाले, "आपलं पन टाक हुतं. धर्म घेतला तवा माझ्या बापानं फडक्यात बांधलं नि वाशिष्ठीत सोडलं. मी काठावर रडत हुतो. बाप बोलला, रडू नको, वझं कमी झालं." मग माझ्याकडे बघून, "आनि तू लोकांचं मांडीवर घेऊन येतोस."

ते मला पाण्याच्या शिंतोड्यांपेक्षा जास्त लागलं.

"देव नाही आणले बाबा. पार्सल आणलं. कुणाचंही असतं तरी तसंच आणलं असतं."

"वाडी खरी सांगितलीस?"

"हो."

"मग जेव."

ताट वाढलं होतं. पण डोळ्यांसमोर तो टीपॉय येत होता. मी आनंदानं सांगत होतो, मांडीवर आणलं, मांडीवर आणलं. त्या आनंदाचंच रडू येत होतं.

सकाळी ऑफिसात चिठ्ठी भरली. कारणापुढे लिहिलं, "दार उघडं होतं. माझी वाडी विचारून पार्सल परत केलं." सही केली.

मॅनेजरनं वाचलं. "मामा, हे असं हेड ऑफिसला नाही पाठवता येत."

"नका पाठवू. पण दुसरं मी लिहिणार नाही."

"लाइन जाईल."

"जाऊ दे."

लाइन गेली. मला जवळच्या, राई, काशीगाव आणि टॉवरांच्या फेऱ्या दिल्या. बायकोनं शिलाई मशीन आणलं, थोरल्यानं कॉलेज सांभाळून काम धरलं. हे किंमत न मोजता झालं असं मी म्हणणार नाही. लांबची लाइन मला परत कधी मिळाली नाही.

पण तेव्हापासून मी पार्सल जमिनीवर ठेवत नाही. "तिथंच ठेवा" म्हणाले तर हातात धरून उभा राहतो. समोरून हात आला तर देतो. नाही आला तर परत नेतो आणि चिठ्ठीवर लिहितो, "हातातून घेण्यास नकार." अशा चिठ्ठ्या मी बऱ्याच भरल्या. एकीवरही "दार बंद" नाही.

आणि कुणी गाव विचारलं, तर गावाबरोबर वाडीही सांगतो. चहा टाकायच्या आधी सांगतो. मग पार्सल पुढे करतो.